सामान सोडून निघायचं नाही

(दृश्य: इमजिनगाक. गंजलेलं वाफेचं इंजिन, भोवती पर्यटक, शाळेच्या सहलीतली मुलं)

हे मुनसान. दक्षिण कोरियाच्या राजधानीपासून, म्हणजे सोलपासून, वायव्येला. समोर इमजिन नदी, आणि तिच्या पलीकडे थोड्या अंतरावर उत्तर कोरिया.

या इंजिनाच्या अंगावर गोळ्यांची हजारावर भोकं आहेत. ३१ डिसेंबर १९५० ला जांगदान स्टेशनात ते थांबलं ते कायमचंच. दोन कोरियांच्या मधल्या निर्मनुष्य पट्ट्यात अर्धशतकाहून जास्त काळ गंजत पडलं, मग उचलून इथं आणून ठेवलं.

आपल्या गोष्टीतलं इंजिन हे नव्हे. पण उत्तर कोरियाची राजधानी प्योंगयांग ते सोल हा लोहमार्ग तोच, हिवाळा तोच, महिनाही तोच. आणि आपल्या इंजिनाची भट्टी पेटवणारे हात भारतीय होते. रेल्वेचे नव्हते, लष्कराच्या दवाखान्याचे होते.

(दृश्य: १९५० ची वृत्तचित्रं. रणगाडे, निर्वासितांच्या रांगा)

२५ जून १९५० ला उत्तर कोरियाचं सैन्य ३८ वा अक्षांश, म्हणजे दोन कोरियांमधली तेव्हाची सीमारेषा, ओलांडून दक्षिणेत घुसलं. संयुक्त राष्ट्रसंघात भारताने आक्रमणाचा निषेध केला. पण लढाऊ पलटणी पाठवायला पंडित नेहरू तयार नव्हते. तीन वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेला देश, नुकतीच काश्मीरची लढाई झालेली, आणि दोन महासत्तांच्या भांडणात कुणाच्याच गोटात जायचं नाही असं ठरलेलं. शेवटी मार्ग निघाला तो असा: सैनिक नाही, डॉक्टर पाठवू.

त्यासाठी निवड झाली ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे गाडी नव्हे, आख्खं युनिट. शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, नर्सिंग असिस्टंट, स्ट्रेचर उचलणारे, स्वयंपाकी, कारकून. सगळे मिळून सुमारे साडेतीनशे माणसं. पुण्याचं एएफएमसी, म्हणजे सशस्त्र दलांचं वैद्यकीय महाविद्यालय, तेव्हा जेमतेम दोन वर्षांचं. तिथून एमबीबीएसची पहिली तुकडी बाहेर पडायला अजून बराच अवकाश होता, त्यामुळे हे डॉक्टर देशभरच्या साध्या वैद्यकीय महाविद्यालयांतून शिकून आलेले होते. फरक एवढाच, की ते विमानातून उडीही मारत.

(दृश्य: लेफ्टनंट कर्नल रंगराज यांचं छायाचित्र. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ)

कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज. या माणसापाशी जरा थांबायला हवं.

दुसऱ्या महायुद्धात हवाई छत्रीने उडी मारणाऱ्या पहिल्या भारतीयांमध्ये दोन नावं घेतली जातात, हवालदार मथुरा सिंग आणि हे डॉक्टर रंगराज. दोघेही १५२ पॅराशूट बटालियनचे. बटालियनच्या डॉक्टरला उडी मारायची गरज काय, असं वाटेल. पण उत्तर सरळ आहे. पलटण आकाशातून उतरणार असेल, तर तिच्यातल्या जखमींना पहिली पट्टी बांधणाराही तिथेच उतरला पाहिजे. तो रस्त्याने मागून येईपर्यंत रक्त थांबत नाही.

मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या डोंगरातल्या सांगशाक गावात पॅराशूट ब्रिगेडला जपान्यांनी वेढलं. पाणी संपत आलेलं, खंदक खणावा तर खाली कातळ, आणि विमानांतून टाकलेलं बरंचसं सामान शत्रूच्या हद्दीत पडत होतं. रंगराज तिथे डॉक्टर होते. औषधांची पेटी रिकामी झाल्यावर डॉक्टरच्या हातात काय उरतं, हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं. पुढे प्योंगयांगमध्ये त्यांनी जो हट्ट धरला, त्याचं मूळ आम्हाला सांगशाकमध्ये दिसतं.

(दृश्य: तेदोंग नदीवरचा तुटलेला पूल, लोखंडी सांगाड्यावरून सरपटत जाणारे निर्वासित)

हे छायाचित्र जगभर गाजलं. डिसेंबर १९५०, प्योंगयांग, तेदोंग नदी. टिपणारे मॅक्स डेसफोर. त्यासाठी त्यांना पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं. खालच्या पाण्यात बर्फ आहे, हे लक्षात ठेवून पुन्हा पाहा.

(तीन सेकंद निवेदन नाही)

आपलं युनिट नोव्हेंबरच्या उत्तरार्धात दक्षिण कोरियाच्या बुसान बंदरात उतरलं आणि काही दिवसांत थेट प्योंगयांगला पोहोचलं. युद्ध जवळजवळ जिंकलंय, असं तेव्हा सगळेच म्हणत होते. मग उत्तर कोरियाच्या बाजूने चिनी सैन्य उतरलं, आणि दक्षिणेसाठी लढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजा आल्या वाटेने मागे फिरल्या. प्योंगयांग सोडायचा हुकूम आला. भारतीय युनिटकडे स्वतःची वाहनं नव्हती. त्यांना सांगण्यात आलं की माणसं काढा, सामान जाळून टाका.

सामान म्हणजे काय, ते सांगायला हवं. सहा महिने पुरेल असा साठा भारतातून आणलेला. शस्त्रक्रियेची हत्यारं, निर्जंतुक करण्याची भांडी, भुलीची औषधं, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग), पट्ट्यांचे गठ्ठे, खाटा, तंबू, दिवे. समुद्रापार आलेल्या, नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाच्या युनिटला हे दुसऱ्यांदा कोण देणार? ते जळलं असतं तर ६० पॅरा कोरियात उरली असती, पण दवाखाना उरला नसता. उरले असते साडेतीनशे पाहुणे.

रंगराज नाही म्हणाले.

(दृश्य: पुन्हा इमजिनगाकचं इंजिन. चाकं, दट्ट्या, बॉयलरवरचे रिव्हेट अगदी जवळून)

यार्डात एक बेवारस इंजिन सापडलं, काही डबे सापडले. कोरियन चालक केव्हाच निघून गेले होते. पण युनिटमध्ये इंजिन हाकण्याची माहिती असलेले जवान निघाले. वाफेच्या इंजिनाला दोन गोष्टी लागतात, आग आणि पाणी. आगीचं जमलं. पाण्यासाठी जवानांची साखळी उभी राहिली आणि हातोहात बादल्या फिरू लागल्या. गावात आग विझवायला विहिरीपाशी लागते तशीच ही रांग, फक्त इथे आग लावायची होती. असलं इंजिन हजारो लिटर पाणी पितं. बादलीमागून बादली, शून्याखाली गेलेल्या थंडीत, भिजलेल्या हातांनी. शहरात धूर, रस्त्यावर माघार घेणारी वाहनं, आणि यार्डात हे लोक बॉयलर भरताहेत.

एकीकडे डबे भरले जात होते. कुठलं खोकं आधी चढवायचं यावरून वाद झाले असतील का? आमची पैज आहे, झाले असणार. कुठल्याही ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरला विचारा.

गाडी सुटली. तेदोंगवरचे पूल उडवण्याची तयारी पूर्ण झालेली होती. भारतीय गाडी पलीकडे गेली आणि त्यानंतर लवकरच पूल उडाला. सामान सोलला पोहोचलं, माणसं पोहोचली.

शौर्याची चित्रं काढताना आपण संगीन आणि झेंडा काढतो. बादली कुणी काढत नाही. आम्हाला विचाराल तर ६० पॅराचं पहिलं शौर्यपदक त्या बादल्यांना द्यायला हवं होतं.

(दृश्य: हिमाच्छादित टेकड्या, स्ट्रेचरवरून उतरवले जाणारे जखमी)

डिसेंबरच्या मध्यात युनिट २७ व्या ब्रिटिश कॉमनवेल्थ ब्रिगेडला जोडलं गेलं. ही ब्रिगेड हाँगकाँगहून घाईघाईने आलेली होती. आता ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन जखमींच्या पट्ट्या भारतीय हात बांधू लागले. जेमतेम तीन वर्षांपूर्वीपर्यंत राज्य कुणाचं होतं, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

काम असं चालायचं. गोळी लागली की पलटणीतलाच वैद्यकीय सहायक पहिली पट्टी बांधतो. मग स्ट्रेचर. सपाटीवर एका स्ट्रेचरला चार माणसं पुरतात. कोरियाच्या उभ्या डोंगरावर, बर्फात, ती दमतात आणि बदलावी लागतात. कितीतरी ठिकाणी कोरियन हमालांनी पाठीवरच्या लाकडी घोडीवरून दारूगोळा वर नेला आणि त्याच पावली जखमी खाली आणले. पुढे ड्रेसिंग स्टेशन. इथे डॉक्टर ठरवतो, आधी कोण. ओरडणारा बहुधा थांबू शकतो. गप्प झालेल्याकडे आधी धावायचं.

मांडीचं हाड मोडलं असेल तर आधी स्प्लिंट, म्हणजे हाड हलू नये म्हणून बांधायचा आधार, मगच हलवायचं. नाहीतर वाटेतच माणूस शॉकमध्ये जातो, म्हणजे त्याचा रक्तदाब कोसळतो. छातीला आरपार भोक असेल तर आधी ते हवाबंद करायचं. प्लाझ्मा द्यायचा, पण या थंडीत बाटलीतला प्लाझ्मा गोठतो. त्याच हिवाळ्यात चोसिन सरोवरापाशी अमेरिकी वैद्यकीय सहायक वेदनाशामक मॉर्फिनच्या नळ्या स्वतःच्या तोंडात धरून फिरत होते, म्हणजे गरज पडेल तेव्हा ते गोठलेलं नसेल.

युनिटची एक तुकडी मेजर एन. बी. बॅनर्जी यांच्या हाताखाली दक्षिण कोरियातल्या देगू शहरात राहिली आणि तिथल्या रुग्णालयात तिने नागरिकांवर उपचार केले. रोजच्या ओपीडीकडे कॅमेरे फिरकत नाहीत. बॅनर्जींना महावीर चक्र मिळालं, इतकं सांगून पुढे जाऊ.

(दृश्य: २३ मार्च १९५१. सी-११९ विमानांच्या रांगा, आकाशभर छत्र्या. इथे मूळ ध्वनी वर)

हे तेच मुनसान.

इमजिनकडे मागे सरकणाऱ्या चिनी आणि उत्तर कोरियन फौजांची वाट अडवायची, म्हणून अमेरिकेच्या १८७ व्या एअरबोर्न रेजिमेंटल कॉम्बॅट टीमला इथे उतरवायचं ठरलं. ऑपरेशन टॉमहॉक. देगूहून विमानं उडाली आणि सकाळी नऊच्या सुमारास साडेतीन हजारांच्या आसपास माणसं या शेतांवर उतरली. त्यांत बारा भारतीय होते. रंगराज स्वतः आणि त्यांची सर्जिकल टीम.

या चित्रात ते बारा जण शोधू नका, सापडणार नाहीत. वरून सगळ्या छत्र्या सारख्याच.

उडीत पाय मोडतात, घोटे सुटतात. म्हणजे शत्रूची पहिली गोळी सुटण्याआधीच डॉक्टरांचं काम सुरू. मग गोळ्यांचे जखमी. पुढचे काही दिवस आसपासच्या टेकड्यांसाठी झुंज चालली आणि जखमींचा ओघ वाढला. गंभीर जखमींना हेलिकॉप्टरने मागे न्यायचं, हा प्रकार तेव्हा नवाच होता. पण हेलिकॉप्टरपर्यंत जिवंत पोहोचवायचं काम शेतातल्या टेबलावरचं. या मोहिमेत भारतीय टीमच्या नावावर शंभरावर शस्त्रक्रियांची नोंद आहे.

तारीख पाहिलीत? सात वर्षांपूर्वी, १९४४ च्या २३ मार्चला, रंगराज सांगशाकच्या वेढ्यात होते. या वेळी हत्यारं सोबत होती.

(दृश्य: कापयोंगचं खोरं, आजचं. हिरवी शेतं, ऑस्ट्रेलियन स्मारक)

महिन्याभरात कापयोंग. २३ ते २५ एप्रिल. चिनी सैन्य या खोऱ्यातून सोलकडे घुसू पाहत होतं. वाट अडवली ती ऑस्ट्रेलियन आणि कॅनेडियन बटालियननी. एकट्या ऑस्ट्रेलियन बटालियनचे ३२ जण ठार, ५९ जखमी. ब्रिगेडची वैद्यकीय फळी भारतीयच होती. ऑस्ट्रेलियात कापयोंग आजही आठवलं जातं. आपल्याकडच्या किती पाठ्यपुस्तकांत हे नाव आहे?

(दृश्य: पानमुनजोम, युद्धकैद्यांची छावणी, भारतीय सैनिक)

२७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. मायदेशी परतायला नकार देणारे साडेबावीस हजारांहून जास्त कैदी सांभाळायला भारताची कस्टोडियन फोर्स आली. तिचे प्रमुख मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. छावणीला नाव पडलं हिंद नगर. दोन्ही बाजूंचे कैदी चिडलेले, मध्ये भारतीय जवान, आणि दवाखाना पुन्हा ६० पॅराचा. थोरातांवर वेगळा भाग करतो आहोत, म्हणून इथे इतकंच.

फेब्रुवारी १९५४ मध्ये युनिट परत निघालं. सव्वातीन वर्षं. दोन लाखांच्या आसपास रुग्ण, दोन हजारांवर शस्त्रक्रिया, दोन महावीर चक्रं, काही वीर चक्रं. काही जण परतले नाहीत.

(दृश्य: बुसान, तेजोंगदे. वैद्यकीय पथकांचं स्मारक, त्यावरची भारताची खूण)

बुसानच्या या स्मारकावर स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, इटली आणि भारत, अशी वैद्यकीय पथकं पाठवणारी पाच नावं आहेत. ते १९७६ मध्ये उभं राहिलं. दिल्लीतलं स्मारक? २०२१ मध्ये. मधली पंचेचाळीस वर्षं आपण काय करत होतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

रंगराज नंतर जागतिक आरोग्य संघटनेत गेले आणि अफगाणिस्तानात देवीच्या निर्मूलनाचं काम पाहिलं. डोंगर तिथेही होते, बर्फही होता.

(दृश्य: इस्केंदेरुन, तुर्किये, फेब्रुवारी २०२३. कोसळलेल्या इमारती, भारतीय तंबू)

६० पॅरा आजही आग्र्याला आहे. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कियेत भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी युनिटचं ९९ जणांचं पथक हवाई दलाच्या विमानांतून निघालं. सोबत एक्स-रे यंत्रं, व्हेंटिलेटर, ऑक्सिजन तयार करणारा संच, मॉनिटर. इस्केंदेरुनमध्ये ३० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. पथक परतेपर्यंत साडेतीन हजारांवर लोकांनी तिथे उपचार घेतले.

(दृश्य: तंबूबाहेरची रांग. निवेदन संपतं, मूळ आवाज सुरू)