काकडीला तोंड न लावणारा सकर

"सकर आणून चार दिवस झाले, काकडीला तोंड लावत नाही, आता काय घालू?" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, पोट बघितलंत का? सकर म्हणजे टाकीच्या काचेला तोंडाने चिकटणारा कॅटफिश, त्यामुळे तो चिकटला की त्याचं पोट आपल्यासमोर उघडंच असतं. टॉर्च जरा तिरपा मारा. पोट भरलेलं किंवा सपाट दिसलं, तर घाई करू नका. पोट आत ओढलेलं, कडेला खळगा पडलेला आणि डोळेही खोल गेलेले असतील, तर मासा तुमच्याकडे येण्याच्या आधीपासून उपाशी आहे.

किती थांबायचं, हे या पोटावरून ठरतं. धडधाकट ब्रिसलनोज (सकराचीच एक जात) आठवडाभर कोपरा धरून बसला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. ओटोचं तसं नाही. ओटो म्हणजे ओटोसिंक्लस, जेमतेम चार सेंटिमीटरचा सकर. बाजारात येणारे बहुतेक ओटो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधून पकडलेले असतात. तिथे तो दिवसभर पानांवरचा नि दगडांवरचा शेवाळी थर खरवडत हिंडतो. पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्याच्या पोटात जवळजवळ काही जात नाही. असा मासा चकचकीत नव्या टाकीत सोडला, तर त्याला खायला काही उरतच नाही. काचेवर हिरवं चढलेली जुनी टाकी त्याला उत्तम. टाकी नवी असेल, तर ओटो आणायच्या आधी दोन आठवडे गच्चीत किंवा बाल्कनीत पाण्याच्या बादलीत थोडे गोटे उन्हात ठेवा. बुळबुळीत झाले की दोन-दोन करून टाकीत टाकायचे, खरवडून संपले की परत बादलीत.

आता पाणी. भूक मेलेली असते त्याचं कारण बऱ्याचदा इथे सापडतं. टाकी एका घरातून दुसऱ्या घरात हलवताना माणसं फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतात आणि वाळवून खोक्यात भरतात. माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया संपवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात. स्पंज वाळला की ते गेले. स्पंज टाकीच्याच पाण्यात बुडवून न्यायचा. लांबून आलेल्या पिशवीचं प्रकरण आणखी वेगळं. बंद पिशवीत माशाच्या श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते सांगणारा आकडा) उतरतो आणि त्यामुळे अमोनियाचा विखार दबून राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया बाधायला लागतो. म्हणून पिशवी आधी बंदच तरंगत ठेवून तापमान जुळवा. उघडल्यावर मात्र तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. मासा जाळीत घेऊन टाकीत सोडा, पिशवीतलं पाणी मोरीत ओता.

यानंतर अंधार. बहुतेक कॅटफिश दिवे गेल्यावर बाहेर येतात. आपण मात्र संध्याकाळी दिवे लावून वेफर, म्हणजे तळाला बसणारी खाद्याची चकती, टाकतो, आणि टेट्रा, बार्बसारखे टाकीतले इतर मासेच ती फस्त करतात! टाकीतले दिवे घालवा, अर्ध्या तासाने खाणं टाका, तेही मासा लपलाय तिथे, अगदी तोंडाशी. लपायला जागा हवीच. फुटकी कुंडी, नारळाची करवंटी, काहीही चालेल. पहिले काही दिवस टाकीसमोर सारखं डोकावू नका. लहान मुलांनाही काचेवर टकटक करू देऊ नका.

काय घालायचं, याचा सगळ्यात मोठा घोळ दुकानांनी करून ठेवलाय. "टाकी साफ करणारा मासा" म्हणून सगळे एकाच पिंजऱ्यात कोंबतात. कोरी, म्हणजे कोरिडोरास हे तळाशी फिरणारे छोटे कॅटफिश, शेवाळ खात नाहीत, दुसऱ्या माशांची घाण तर नाहीच. त्या मिशांनी चाचपत तळातले किडे शोधतात. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) वितळवून घाला किंवा तळाला बसणारी बारीक गोळी द्या. तळाला मऊ वाळू असावी, धारदार खडीने मिशा झिजतात. त्या एकट्यादुकट्या नकोत, सहा तरी असाव्यात. एक खायला लागली की बाकीच्या मागोमाग येतात. ब्राझीलच्या शिंगू नदीतला झेब्रा प्लेको हा सकरही मांसाहाराकडे झुकणारा, त्याच्यापुढे काकडी ठेवून रुसू नका. पॅनाक हा सकर मात्र लाकूडच कुरतडतो, त्याला टाकीत ड्रिफ्टवूड (टाकीत ठेवायचं लाकूड) हवंच.

भाजीखाऊ सकरांना दुधी किंवा काकडीची जाड चकती मिनिटभर उकळत्या पाण्यात काढून, थंड करून, स्टीलच्या काट्याला टोचून बुडवा. रात्री ठेवली की सकाळी काढा, नाहीतर पाणी नासतं. चकतीचा मधला बियांचा गर गेलेला आणि सालीची नुसती रिंग उरलेली दिसली, की समजा जमलं. चकती जशीच्या तशी असेल, पण लाकडाखाली लांब दोऱ्यासारखी ताजी विष्ठा पडलेली असेल, तर मासा लाकडावरचं काहीतरी खरवडतोय. पुढच्या रात्री चकती त्या लाकडाला खेटून ठेवा.