घास खाली उतरला का?

[दुर्बिणीतून दिसणारी अन्ननलिका]
ही अन्ननलिका, जेमतेम 25 सेंटिमीटर लांबीची. निरोगी असती तर आतली भिंत गुळगुळीत दिसली असती. इथे बघा, एकाखाली एक कडी, मधून गेलेल्या उभ्या चिरा आणि त्यांवर पांढरे ठिपके. आजाराचं नाव इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे इओसिनोफिल पेशी जमून अन्ननलिकेला येणारी सूज. सूज वर्षानुवर्षं राहिली की नळी अरुंद होते.

[मायक्रोस्कोपखालची बायोप्सी, म्हणजे अन्ननलिकेच्या भिंतीतून काढलेला बारीक तुकडा]
इओसिन हा रंग शोषून लालभडक झालेल्या या पांढऱ्या रक्तपेशी, इओसिनोफिल. निरोगी अन्ननलिकेत त्या सापडतच नाहीत म्हटलं तरी चालेल. इथे मोजत चला... बारा, तेरा, चौदा. मोठ्या भिंगाच्या एका क्षेत्रात 15 भरल्या आणि जोडीला गिळण्याचा त्रास असला, की डॉक्टरांना या आजाराची दाट शंका येते.

[दम्याचा पंप, हातात]
बरीच वर्षं या आजारासाठी खास औषधच नव्हतं. रुग्णांनी दम्याचा पंप तोंडात मारायचा, पण श्वासात न ओढता गिळायचा! पुढे 2018 मध्ये युरोपात ब्युडेसोनाइड या सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची तोंडात विरघळणारी गोळी आली, 2024 मध्ये अमेरिकेत पातळ औषध. ते घेतल्यावर अर्धा तास पाणीसुद्धा प्यायचं नाही, कारण औषध भिंतीला धरून राहायला हवं.

[पुन्हा बायोप्सी, लाल पेशी जवळपास नाहीत]
आता हा तुकडा बघा. बेन्रालिझुमॅब हे इंजेक्शन इओसिनोफिल पेशींनाच संपवतं. चाचणीत 24 आठवड्यांनी सुमारे 87 टक्के रुग्णांच्या तुकड्यांत त्या नावापुरत्या उरल्या. पण गिळण्याचा त्रास? खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपेक्षा कमी झाला नाही. आमच्या मते या आजाराच्या संशोधनातला सगळ्यात मोलाचा धडा हाच.

[इंजेक्शनचं पेन, मांडीवर]
डुपिलुमॅब हे दुसरं इंजेक्शन पेशींच्या मागे लागत नाही. इंटरल्यूकिन 4 आणि 13 हे सुजेचे निरोप पेशीच्या ज्या दारातून आत जातात, ते दारच ते बंद करतं. आठवड्याला 300 मिलिग्रॅम. तुकडाही सुधारला, गिळणंही. मे 2022 मध्ये अमेरिकेत 12 वर्षांपुढच्यांसाठी मंजुरी मिळाली, जानेवारी 2024 पासून किमान 15 किलो वजनाच्या लहान मुलांनाही. औषध महाग आहे, आणि उपचार थांबले की आजार बहुधा परततो.

[जेवणाचं टेबल; संवाद नाही]
बारीक केलेला घास. बराच वेळ चावणं. पाण्याचा ग्लास हाताशी.

[मोबाइलवरची नोंद]
चाचणीतले रुग्ण रोज लिहितात: आज घास अडकला का?