टीएचएक्सचा शिक्का आणि आपला हॉल

नमस्कार. होम थिएटरचा रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज आणि ताकद पुरवणारं यंत्र, घेताना त्यावर टीएचएक्सचा शिक्का आहे का ते बघावं का, या विषयावर बोलायला मला बोलावलंय. गेली वीस वर्षं मी लोकांच्या घरी स्पीकर लावतोय आणि हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारा बहुतेक वेळा दोन रिसीव्हरपाशी येऊन अडकलेला असतो. एकावर शिक्का आहे, दुसऱ्यावर नाही, आणि किमतीत पंधरा-वीस हजारांचा फरक आहे. त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगून मोकळं होता येईल, पण मग तो शिक्का बोलतो कशाबद्दल हे कळायचं राहूनच जातं. म्हणून आधी तो आला कुठून ते सांगतो.

टॉमलिन्सन होल्मन हे ध्वनितज्ज्ञ १९८० साली जॉर्ज ल्यूकस यांच्या ल्यूकसफिल्ममध्ये रुजू झाले. तेव्हाचं दुखणं असं होतं की स्टुडिओत महिनोन्‌महिने खपून केलेलं ध्वनिमिश्रण थिएटरात गेलं की ओळखू येत नसे. एका थिएटरात संवाद घुमायचे, दुसऱ्यात खर्जच गायब असायचा, तिसऱ्यात शेजारच्या पडद्यावरचा सिनेमा भिंतीतून ऐकू यायचा. होल्मन यांनी स्पीकरची नवी रचना केली, आणि त्याच्याबरोबर थिएटर कसं असावं याचे निकषही बांधले. १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ या सिनेमाच्या वेळी ते ‘टीएचएक्स’ या नावाने लोकांसमोर आले. तपासायला माणूस प्रत्यक्ष थिएटरात जायचा. पडद्यामागची भिंत, एसीची घरघर, हॉलमधला घुमारा, शेवटच्या रांगेतून पडदा किती मोठा दिसतो, हे सगळं बघायचा. शिवाय एकदा पास झालं म्हणजे कायमचं, असंही नव्हतं. पुन्हा पुन्हा तपासणी व्हायची.

माझं आजचं सगळं म्हणणं इथूनच निघतं. थिएटरला मिळायचा तो शिक्का खोलीसकट मिळायचा. नव्वदच्या दशकात तो घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा रिसीव्हर प्रयोगशाळेत जायला लागला, पण तुमचा हॉल कुणी तपासायला येत नाही. रिसीव्हरने आपल्या वाट्याची परीक्षा दिलेली असते. खोलीची परीक्षा बाकीच राहते.

आता रिसीव्हरची ही परीक्षा काय असते ते बघू, कारण ती खरी आहे आणि कडक आहे. सिनेमाच्या आवाजाची एक ठरलेली पातळी असते, तिला रेफरन्स लेव्हल म्हणतात. सरासरी ८५ डेसिबल, आणि त्यावर उसळी मारायला २० डेसिबलची मोकळी जागा. म्हणजे तुमच्या खुर्चीपाशी प्रत्येक स्पीकरचा आवाज क्षणभर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकला पाहिजे, तोही न फाटता. सबवूफरच्या, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरच्या, खास चॅनेलला तर ११५. घरच्या रिसीव्हरवर आवाजाचा आकडा उणे २०, उणे ३० असा दिसतो ना? नीट जुळणी केलेल्या रिसीव्हरवर शून्य म्हणजे हीच रेफरन्स लेव्हल. ही पातळी किती मोठ्या खोलीत गाठता येईल, त्यावरून शिक्क्याच्या पायऱ्या पडतात. ‘सिलेक्ट’ ही साधारण २००० घनफुटांच्या खोलीसाठी आणि दहा फुटांवरून बघणाऱ्यांसाठी. ‘अल्ट्रा’ ३००० घनफूट आणि बारा फूट. ‘डॉमिनस’ ६५०० घनफूट आणि वीस फूट, पण तो बंगल्यात वेगळी थिएटर खोली बांधणाऱ्यांचा विषय आहे, तो आपण सोडून देऊ.

घनफूट कुणी मोजत नाही, आणि इथेच पहिली चूक होते. आपल्याकडे फ्लॅट चौरस फुटांत विकत घेतला जातो, त्यामुळे उंची कुणाच्या डोक्यात नसते. सोळा बाय दहाचा हॉल, उंची साडेनऊ फूट. गुणाकार करा, १५२० घनफूट. म्हणजे ‘सिलेक्ट’ला आरामात झेपेल. पण हल्ली हॉलला डायनिंग जोडलेलं असतं, मधे भिंत नसते, पलीकडे ओटा उघडा. आवाजाला तुमच्या सोफ्याची हद्द माहीत नाही, तो ओट्यापर्यंत जातो. मग तीच जागा सहज २५००-२६०० घनफुटांची होते. शिक्का मला इथे उपयोगी पडतो. चांगला-वाईट या अर्थाने मी तो वाचतच नाही. कपड्यावर मापाची चिठ्ठी असते तसा वाचतो.

वॉटचा हिशोब एकदा फळ्यावर मांडून दाखवतो, कारण तो समजला की निम्मी भीती जाते. समजा तुमचा स्पीकर एका वॉटवर एका मीटरवर ८७ डेसिबल देतो. बाजारातले पुष्कळ स्पीकर याच्या आसपास असतात. तुम्ही तीन मीटरवर, म्हणजे दहा फुटांवर बसता. अंतरामुळे साडेनऊ डेसिबल कमी झाले, भिंतींमुळे तीनेक परत मिळाले, हाती आले ८०. इथून १०५ गाठायचे तर २५ डेसिबल वाढवावे लागतात. दर तीन डेसिबलला वीज दुप्पट लागते, त्या हिशोबाने एका चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरला, तीनशेहून जास्त वॉट झाले. ऐकून छाती दडपते. पण आवाज दहा डेसिबलने खाली आणा, ३२ वॉट पुरतात. वीसने खाली आणा, तीन वॉट. आता मला सांगा, सोसायटीत रात्री साडेनऊनंतर सिनेमा लावणारा माणूस आवाजाचा आकडा किती ठेवतो? मी ज्या ज्या घरी परत गेलोय तिथे तो उणे २० ते उणे ३० च्या मधेच दिसलाय. म्हणजे ज्या ताकदीसाठी जास्तीचे पैसे मोजले, ती वर्षातून एखाद्या दिवाळीत वापरली जाते.

उलट हळू आवाजात दुसरीच अडचण येते. आवाज कमी केला की कानाला खर्ज आणि मागच्या स्पीकरचे बारकावे आधी ऐकू येईनासे होतात. टीएचएक्सकडे यासाठी ‘लाउडनेस प्लस’ आहे, आणि शिक्का नसलेल्या काही रिसीव्हरमध्ये ऑडिसी या कंपनीचं ‘डायनॅमिक ईक्यू’ मिळतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने वॉटपेक्षा या सोयीची चौकशी आधी करावी, असं मी कळकळीने सांगेन.

मग शिक्का नसलेला रिसीव्हर कमअस्सल का? सोन्याच्या हॉलमार्कची आपल्याला सवय आहे. हॉलमार्क नसेल तर मनात शंका येते, आणि ती यायलाच हवी, कारण तो २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झालाय. टीएचएक्स सक्तीचा नाही. कंपनी स्वतःहून जाते, चाचणीचे आणि परवान्याचे पैसे भरते. एकेकाळी डेनॉन आणि यामाहाच्या वरच्या मॉडेलांवर हा शिक्का असायचा, आता त्यांच्याकडे तो दिसत नाही. ओन्कियोने ‘टीएक्स-आरझेड ५०’सारख्या मॉडेलवर तो ठेवला. म्हणून डेनॉनचे अभियंते ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा भाग, बनवायला विसरले असा अर्थ होत नाही. शिक्का असेल तर एक चाचणी नक्की झाली आहे. नसेल, तर त्यावरून काहीच कळत नाही. तिथे चाचणीचे आकडे आपल्याला शोधावे लागतात.

खोक्यावर बाकीची चिन्हंही असतात, त्यांच्याबद्दल दोन वाक्यं पुरे. डॉल्बी ॲटमॉस आणि डीटीएस:एक्स म्हणजे चहूबाजूंनी आणि डोक्यावरूनही येणारा त्या प्रकारचा ध्वनी उलगडायचा परवाना. तो हवाच, पण त्यावरून ॲम्प किती दणकट आहे ते कळत नाही. ‘हाय-रेस ऑडिओ’चं सोनेरी-काळं चिन्ह मिळायचं तर यंत्राला ४० किलोहर्ट्झपर्यंत जावं लागतं. माणसाच्या कानाची मजल भर तारुण्यात २० किलोहर्ट्झची, आणि पन्नाशीनंतर ती बरीच खाली येते.

वॉटच्या आकड्यावर मात्र थांबतो, कारण माणूस फसतो तो इथे. मागे एका घरी नवा रिसीव्हर लावायला गेलो होतो. घरातले आजोबा खोकं हातात घेऊन बसले होते. त्यावर मोठ्या अक्षरात २०० वॉट. मी त्यांना खोक्याच्या बाजूची बारीक ओळ वाचायला दिली. त्यांनी चष्मा पुसला, खोकं खिडकीपाशी नेलं आणि मोठ्याने वाचलं: ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती, १ चॅनेल. म्हणजे एकच स्पीकर, एकच सूर, आणि आवाज कानाला फाटलेला कळेल इतका बिघडल्यावरचा आकडा. त्याच यंत्राचा खरा आकडा पुस्तिकेत मिळाला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनेल चालू असताना ९० वॉट. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशा दाव्यांसाठी १९७४ मध्येच नियम केला, आणि २०२४ मध्ये तो आणखी घट्ट केला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झचा पूर्ण पट्टा, विकृती १ टक्क्याहून कमी. रिसीव्हर कुठलाही असो, तुम्ही आकडा याच अटींवर मागा. शिक्का असलेल्या यंत्राबाबत हे काम कुणीतरी आधी करून ठेवलेलं असतं, आणि माझ्या लेखी त्याची खरी किंमत तेवढी आहे.

आता खोलीकडे येतो. एका गृहस्थांनी शिक्का असलेला रिसीव्हर घेतला, चांगला सबवूफर घेतला, आणि महिन्याभरात फोन आला, “खर्ज लागतच नाही हो, यंत्रात दोष आहे.” जाऊन बघितलं. तोच सोळा बाय दहाचा हॉल, टीव्ही छोट्या भिंतीवर, आणि सोफा टीव्हीपासून बरोबर आठ फुटांवर. सोळा फुटांच्या लांबीत सुमारे ३५ हर्ट्झचा सूर दोन्ही भिंतींपाशी तुंबतो आणि ऐन मध्यावर नाहीसा होतो. ते बसले होते नेमके त्या खड्ड्यात. आम्ही दोघांनी सोफा अडीच फूट मागे ओढला, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यामुळे तो सरकला सहज. तोच प्रसंग पुन्हा लावला. त्यांच्या पत्नी आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आता खिडकी वाजली.” त्या दिवशी एकही रुपया खर्च झाला नाही.

त्या टाइल्सचंही सांगायला हवं. वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या प्राध्यापकाने १८९५ पासून एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात रात्री-रात्री प्रयोग करून सूत्र काढलं: खोली जितकी मोठी तितका घुमारा लांबतो, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो कमी होतो. आपल्या त्या हॉलला हे सूत्र लावा. नुसत्या टाइल्स, नुसतं प्लास्टर, सामान नाही, तर कागदावर घुमारा तीन सेकंदांच्या घरात जातो. सोफा, जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट आलं की तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतो. संवाद कळत नाहीत म्हणून रिसीव्हर बदलायला निघालेल्या किती तरी लोकांना मी आधी जाड सतरंजी घ्यायला लावली आहे. ऑडिसी, डिरॅक यांसारख्या खोलीनुसार आवाज जुळवायच्या सोयी रिसीव्हरमध्ये असतात, त्या खूप मदत करतात, शिक्क्यापेक्षा त्यांच्या दर्जाकडे मी आधी बघतो. पण खड्ड्यात बसलेल्या माणसाला त्याही वर काढू शकत नाहीत.

होल्मन यांच्या कामातलं एक मात्र शिक्क्याशिवाय सगळ्यांच्या घरी पोचलंय. ८० हर्ट्झच्या खालचा खर्ज सबवूफरकडे आणि वरचं बाकीच्या स्पीकरकडे, ही वाटणी टीएचएक्सने घरोघरी रुजवली. आज कुठल्याही कंपनीचा रिसीव्हर उघडा, क्रॉसओव्हर, म्हणजे या वाटणीचा आकडा, बहुतेक ८० वरच सापडेल. ती तशीच ठेवा. खर्जाचं ओझं सबवूफरच्या स्वतःच्या ॲम्पवर जातं, आणि रिसीव्हरला मोकळा श्वास मिळतो.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे: “टीएचएक्स अल्ट्रा २ शिक्क्याचा २००९ चा रिसीव्हर जुन्या बाजारात स्वस्तात मिळतोय, घेऊ का?” ॲम्पचा भाग आजही आजच्या कित्येक रिसीव्हरांना भारी पडेल. पण घरचं ॲटमॉस आलं २०१४ मध्ये, त्यामुळे ते त्यात नसणार, आणि त्याचं एचडीएमआय फोर-के चित्र पुढे पाठवणार नाही. चित्र थेट टीव्हीला द्या आणि टीव्हीकडून ऑप्टिकल वायरने आवाज घ्या, तर पाच-एक चॅनेलसाठी तो उत्तम चालेल. घ्यायच्या आधी मात्र विकणाऱ्याच्या घरी जा, सगळे स्पीकर लावून अर्धा तास चालू ठेवा, प्रत्येक चॅनेलपाशी कान नेऊन चरचर येते का ऐका, आणि शेवटी वरच्या जाळीवर हात ठेवून बघा. गरम तो होणारच. हात ठेववत नसेल, तर तो न घेताच घरी या.