मरून चादरीचा फोटो

(सोलापुरात कारखानदार, व्यापारी आणि विद्यार्थ्यांसमोर रविवारी सकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर पूर्व भागातले कारखानदार दिसतायत, चाटी गल्लीतले व्यापारी आहेत, शेंगा चटणीचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या भगिनी आहेत आणि मागच्या दोन रांगांत कॉलेजची मुलं आहेत. पत्रिकेवर तीन गोष्टी छापल्यात: वेबसाइट, फोटो आणि जाहिरात, त्याही फुकटातल्या ऑनलाइन साधनांनी. तिन्हींवर बोलणार आहे, पण क्रम बदलतो. फोटो आधी घेतो. आपला माल कापडाचा आहे, आणि कापड घेणारं गिऱ्हाईक दुकानात काय करतं? हात फिरवतं, घडी उलगडतं, चादर दारापाशी नेऊन उजेडात रंग बघतं. फोनवर यातलं काहीच करता येत नाही. त्याच्या हातात असतो फक्त तुमचा फोटो. तो खोटा असेल तर वेबसाइट कितीही देखणी करा, ती खोट्याचीच जाहिरात.

ही टेबलावरची चादर बघा. 60 बाय 90 इंच, मरून, जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेली. पहिल्या रांगेतल्या ताई, जरा उठता का? इथेच, ह्या एलईडीच्या उजेडात हिचा एक फोटो घ्या. फ्लॅश बंद ठेवा. आता चादर घेऊन त्या उत्तरेकडच्या खिडकीशी चला आणि तिथं दुसरा घ्या. दोन्ही फोटो शेजारच्यांना दाखवा. पहिल्यात ती तपकिरी आलीय, जवळजवळ वाळलेल्या विटेसारखी. दुसऱ्यात मरून. चादर एकच, फोन एकच, मधे तीन मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचा निम्मा त्रास वाचेल. स्वस्त एलईडीच्या पांढऱ्या उजेडात गडद लाल रंगाचा भाग फार कमी असतो. डोळ्याला उजेड पांढरा वाटतो, कारण मेंदू सांभाळून घेतो. मरून कापड मात्र नेमका तो गडद लालच परत फेकतं. उजेडात तो नसेल तर कापड परत काय फेकणार? मग फोटो तपकिरी येतो. आणि आपण काय करतो, तर ॲप उघडून सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवतो. त्यानं तपकिरी अजून भडक होतो, मरून होत नाही. उजेडातच नसलेला रंग कुठलंही ॲप आणून देऊ शकत नाही. हे वाक्य लिहून घेतलंत तरी चालेल.

मग लोक उन्हात जातात. सोलापूरचं ऊन! साडेदहानंतर तिथं उलटं होतं. फोनच्या कॅमेऱ्याला लाल रंग सगळ्यात आधी जड जातो. कॅमेरा लाल, हिरवा, निळा वेगवेगळा मोजतो. त्यातली लाल वाहिनी भरून वाहिली की मरूनचा टोमॅटो होतो आणि विणीतला उठाव पुसला जातो. फोटोत उरतो नुसता लाल पट्टा. नक्षी गेली म्हणजे आपली ओळखच गेली. सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे ते काही नुसत्या रंगासाठी नाही.

तेव्हा जागा कुठली? सावलीतला उघडा उजेड. उत्तरेची खिडकी, ओसरी, कारखान्याच्या दाराच्या आत दोन-तीन फूट. वर हिरवी शेडनेट नको, निळा प्लास्टिकचा पत्रा नको, शेजारी गुलाबी ऑइलपेंटची भिंत नको. तिन्ही आपापला रंग कापडावर टाकतात. आतले दिवे बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आले की चादरीची डावी बाजू एका रंगाची आणि उजवी दुसऱ्या रंगाची येते. ते नंतर दुरुस्त होत नाही.

फोन चादरीच्या समोर सरळ धरा, तिरका नाही. दोन पावलं मागे जाऊन 2एक्स लेन्सवर घ्या. अगदी जवळून 1एक्सवर घेतलं तर कडा वाकतात आणि चौकड्या पिंपासारख्या फुगतात. पडद्यावर चादरीवर बोट टेकवा आणि दाबून धरा, म्हणजे फोकस कुलूपबंद होतो. मग शेजारी दिसणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. मरून, नेव्ही आणि बाटली हिरव्यासाठी हे करायचंच. किंचित काळसर आलेला फोटो नंतर उजळता येतो, पण भरून वाहिलेला लाल परत येत नाही.

आणि प्रत्येक प्रकाशात पहिला फोटो पांढरा कागद ठेवून घ्या, नंतर ॲपमध्ये त्यावरून रंग जुळवायला. राखाडी कार्ड मिळालं तर त्याहून चांगलं. साध्या कागदात आणि पांढऱ्याशुभ्र टॉवेलांतसुद्धा चमक आणणारी द्रव्यं असतात. दिवसाच्या उजेडात ती निळसर झळकतात, आणि त्यावरून रंग जुळवला की बाकीचं सगळं किंचित पिवळं पडतं. थोडाच फरक, पण मोतिया रंगाचा टॉवेल विकणाऱ्याला तोच फरक महागात पडतो.

आता ॲप. स्नॅपसीड घ्या. फुकट आहे, गूगलचं आहे, जाहिराती नाहीत. फोटो उघडा, टूल्समध्ये व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असा रंग जुळवणं, आणि त्यात आय ड्रॉपर, म्हणजे रंग उचलणारा गोल. तो गोल कागदावर ओढा आणि बरोबरची खूण दाबा. मग पर्स्पेक्टिव्हमध्ये कडा सरळ करा, क्रॉप करा, संपलं. एचडीआर स्केप नावाच्या टूलला हात लावू नका, त्यानं सूत लोखंडी तारेसारखं दिसतं. त्याच जागी, त्याच उजेडात काढलेले बाकीचे वीस फोटो पुन्हा पहिल्यापासून जुळवत बसायचं नाही. लूक्स नावाच्या यादीत लास्ट एडिट्स आहे. तेच बदल पुढच्या फोटोवर बसतात. क्रॉप तेवढं तपासून घ्या.

टॉवेलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. टेरीचे फासे, म्हणजे कापडावरचे सुताचे वेढे, दिसायला हवेत. समोरून उजेड पडला तर टॉवेल पोस्टरच्या कागदासारखा सपाट दिसतो. उजेड बाजूनं, जमिनीलगत येऊ द्या. प्रत्येक फाशाची बारीक सावली पडली की जाडी डोळ्याला कळते. बारीक चौकड्यांच्या कापडावर फोटोत कधी पाण्यासारख्या लाटा उमटतात. वीण आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकांवर बसली की असं होतं. घाबरू नका, कापड खराब नाही. अर्धा फूट पुढे-मागे सरका, लाटा जातात.

मागची बाजू काढून टाकणारी साधनं आहेत, रिमूव्ह डॉट बीजीसारखी. चटणीच्या बरणीला उत्तम. पण फुकटात मिळणारं चित्र लहान असतं, छापायला पुरत नाही, आणि ज्या कापडाला सुताची झालर आहे तिथं ही साधनं झालरच खातात. त्यापेक्षा मागे साधी फिकट चादर टांगा आणि फोटो तसाच ठेवा. बारीक कापायचंच असेल तर फोटोपी वापरा. ब्राउझरमध्ये चालतं, बसवावं लागत नाही आणि तुमची फाइल कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. फोटोशॉपची पीएसडी उघडतं. ह्या गावातल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे ते कोरलड्रॉची सीडीआरही उघडतं. फ्लेक्सवाल्याकडे वर्षानुवर्षं पडून असलेला तुमचा लोगो त्याच्याच संगणकात अडकलेला राहायची गरज नाही. फाइल मागून घ्या. अक्षरं बदललेली दिसली तर फ्लेक्सवाल्याला अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे आकृत्यांत बदलून द्यायला सांगा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे, संयोजकांची माफी मागून. व्हॉट्सॲप.

एवढा जपून काढलेला फोटो आपण कारखान्यातून दुकानात पाठवतो व्हॉट्सॲपवर. दुकानदार तो एजंटाला पाठवतो, एजंट ग्रुपवर टाकतो, ग्रुपवरचा कुणी स्क्रीनशॉट घेतो, आणि तो स्क्रीनशॉट वेबसाइट करणाऱ्या मुलाकडे येतो. त्याला सांगितलं जातं, हाच वापर. फोनवर 4000 बाय 3000 पिक्सेलचा, तीन-चार एमबीचा फोटो असतो. नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की व्हॉट्सॲप त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणतं आणि वर दाबून आकार कमी करतं. जेपीजी हा प्रकार असा आहे की आत काही बदलून पुन्हा साठवला की प्रत्येक वेळी थोडं गळतं. कडांना बारीक मुंग्या येतात, आणि गडद रंगात चौकोनी डाग पडतात. मरूनमध्ये ते आधी दिसतात. मग गिऱ्हाईक विचारतं, रंग जातो का हो? रंग जात नाही, फोटो गेलाय! आणि तोच माणूस पार्सल मिळाल्यावर म्हणतो, फोटोत वेगळा होता. पार्सल परत. जाण्याचं भाडं, येण्याचं भाडं आणि उलगडलेली घडी, तिन्ही तुमच्या खात्यावर.

उपाय साधा आहे. फोटो पाठवताना पिनच्या चिन्हातून डॉक्युमेंट निवडा आणि तिथून फाइल जोडा. ती आहे तशी जाते. एचडीचं बटण 2023 पासून आलंय. ते नेहमीपेक्षा बरं, पण मूळ नव्हे. त्याहून चांगलं म्हणजे गूगल ड्राइव्हवर एक फोल्डर करा, नाव द्या ‘मूळ फोटो’, आणि ठरवा की या फोल्डरमधल्या फाइलवर कुणी काही करायचं नाही. लागेल तेव्हा प्रत काढायची. फाइलच्या नावात माल, रंग आणि माप इंग्रजी अक्षरांत, मधे आडवी रेघ. आयएमजी चार शून्य बारा अशा नावानं दोन वर्षांनी काहीच सापडत नाही, आणि गूगललाही त्यातून काही कळत नाही.

वेबसाइटवर मात्र तीन एमबीचा फोटो टाकायचा नाही. फोटो हलके करणारी स्क्वूश डॉट ॲप ही साइट उघडा, फोटो ओढून टाका, रिसाइझमध्ये रुंदी 1600 करा, फाइलचा प्रकार वेबपी, क्वालिटी 75 ते 80. मधली रेघ डावी-उजवीकडे सरकवून आधीचा आणि नंतरचा शेजारी बघता येतो. मरूनच्या पट्ट्यात डाग दिसले तर 85 करा. बहुतेक फोटो दोन-तीनशे केबीत बसतात.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं राहिलीत. तर वेबसाइट.

पहिलं, नाव. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, तुमच्या स्वतःच्या ईमेलवर, तुमच्या नावानं घ्या. करून देणाऱ्याच्या खात्यात ते असेल आणि उद्या तो दुसऱ्या गावी गेला तर तुमचा पत्ताच तुमच्या हातात राहत नाही. नूतनीकरणाची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

पाच-सहा पानांची साधी साइट असेल तर गूगल साइट्स पुरतं. पुढे वाढवायची असेल तर वर्डप्रेस. मुलांनो, शिकायचं असेल तर मोझिलाचं एमडीएन हे सगळ्यात खात्रीचं, आणि फ्रीकोडकॅम्पवर करत करत शिकता येतं. सरावाची साइट गिटहब पेजेसवर फुकट चढवा, पण धंद्याचं दुकान तिथं चालवू नका. त्यांच्या नियमात ते बसत नाही. चढवल्यावर वेग मोजणाऱ्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका आणि आधी मोबाइलचा आकडा बघा. आकडा कमी आला तर बहुतेक वेळा दोषी मोठे फोटोच असतात. म्हणजे आपण परत फोटोवर आलो.

अक्षरं. श्रीलिपी या जुन्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच वेबवर चिकटवला की कचरा दिसतो. सगळीकडे सारखी वाचली जाणारी युनिकोड अक्षरंच हवीत. गूगल फॉन्ट्सवर ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट आहे, ‘हिंद’ आहे, आणि बलू नावाचं कुटुंब आहे, मुंबईच्या एक टाइपनं केलेलं. हे आपल्या गावासाठीच केल्यासारखं वाटतं. देवनागरीत बलू, कन्नडमध्ये बलू तम्मा, तेलुगूत बलू तम्मुडु, उर्दूत बलू भाईजान. सगळी भावंडं, एकाच वळणाची. आपलं गिऱ्हाईक विजयपूर, कलबुर्गी, हैदराबादचं. एका पत्रकावर तीन लिप्या लिहिल्या तरी दुकान एकच वाटतं. फुकट आहेत, छापायलाही चालतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी बघा. मोठा मजकूर त्यात फार सुरेख दिसतो.

आता जाहिरात, भराभर. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि त्याच्या नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद, आजच करा. नावात फक्त पाटीवरचं नाव. ‘सोलापुरी चादर होलसेल बेस्ट’ अशी शेपटी जोडली तर प्रोफाइल थांबवलं जाऊ शकतं. ओळख पटवायला बऱ्याचदा व्हिडिओ मागतात. त्यात रस्ता, पाटी आणि आतला माल सलग दाखवा, मधे तोडू नका. वेळा भरा, गड्ड्याच्या यात्रेतल्या बदललेल्या वेळाही भरा. चांगल्या अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, नियमाविरुद्ध आहे. प्रत्येक अभिप्रायाला उत्तर मात्र द्या. ह्या प्रोफाइलबरोबर मिळणाऱ्या फुकट वेबसाइट गूगलनं मार्च 2024 मध्ये बंद केल्या. बिलावर आणि पिशवीवर अजून तोच जुना पत्ता असेल तर आज बदला.

व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये 500 वस्तू बसतात. प्रत्येक रंगाची वेगळी वस्तू करा, माप आणि वजन लिहा. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, 256 जण येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून बिल देतानाच म्हणा, नंबर सेव्ह करा. चटणीवाल्या भगिनींनो, पाकिटाच्या फोटोत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, 14 आकडी परवाना क्रमांक वाचता आला पाहिजे. चमकणारं पाकीट असेल तर खिडकीवर पांढरं पातळ कापड लावा, झळाळी मरते. पत्रकाची मांडणी करायला कॅनव्हा आहे. तिथं गूगल इमेजेसमधून उचललेली चित्रं टाकू नका, ती कुणाच्या तरी मालकीची असतात. पेक्सेल्स आणि अनस्प्लॅशवर परवान्यासकट मिळतात. पण मालाचा फोटो मात्र तुमच्याच मालाचा हवा.

वेळ संपली, मला दिसतंय. प्रश्न खाली उतरून घेऊया. ज्यांनी आपापला टॉवेल नाहीतर चादर आणलीय त्यांनी त्या उत्तरेच्या खिडकीशी या, पांढरा कागद तिथं ठेवलाय. त्या बाजूचा एलईडी तेवढा कुणीतरी बंद करा.