हद्द कशाला म्हणायचं?

श्रोतेहो, नमस्कार.

जमीन मोजायची यंत्रं आता जगभर सारखीच झाली आहेत. कोन आणि अंतर मोजणारं तेच टोटल स्टेशन, उपग्रहांचे संकेत घेणारा तोच रिसीव्हर. परदेशात आपल्या व्यवसायातल्या माणसांबरोबर, म्हणजे भूमापकांबरोबर, हिंडताना यंत्रं पाहून मला कधी परकं वाटलं नाही. फरक जाणवला तो एका मूलभूत प्रश्नावर. दोन जमिनींमधली हद्द नेमकी कशावरून ठरते? याचं उत्तर देशागणिक बदलतं, आणि त्यानुसार भूमापकाचं कामही.

अमेरिकेत १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडच्या जमिनींची चौकोनी आखणी सुरू झाली. सहा मैल बाजूचा चौकोन म्हणजे टाउनशिप, तिचे ३६ भाग म्हणजे सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. कागदावर हे फार नेटकं दिसतं. पण पृथ्वी गोल आहे. उत्तरेकडे जावं तशा रेखांशाच्या रेषा एकमेकींजवळ येतात आणि चौकोन अरुंद होत जातात. म्हणून ठरावीक अंतरावर दुरुस्तीची रेषा धरून तिथून पुन्हा पूर्ण मापाने सुरुवात करत. तिथल्या मैदानी मुलखात नाकासमोर चाललेला रस्ता एकाएकी काटकोनात वळतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा उत्तरेला लागतो, तो बऱ्याचदा या दुरुस्तीमुळे.

ही सगळी मोजणी ६६ फुटी साखळीने, जंगलं आणि दलदली तुडवत झाली. साहजिकच चुका राहिल्या. पण त्या सुधारण्याचा अधिकार आजच्या भूमापकाला नाही! मूळ मोजणीतली खूण जागेवर सापडली, तर तीच खरी. कागदावरचं अंतर तिच्यापुढे दुय्यम. लोकांनी त्या खुणेच्या भरवशावर जमिनी घेतल्या, कुंपणं घातली, घरं बांधली. मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो.

त्यामुळे तिथला भूमापक मोजण्याआधी माग काढतो. जुने मोजणीदार कोपऱ्याजवळच्या झाडांची साल तासून खोडावर अक्षरं कोरत, आणि कोपऱ्यापासून त्या झाडाची दिशा व अंतर वहीत नोंदवून ठेवत. पुढे झाडाची जखम भरून यायची, अक्षरं आत गाडली जायची. कित्येक वर्षांनी कुणी वाढलेला थर जपून सोडवला, तर आतल्या खोडावर मूळ अक्षरं सापडतात आणि सोडवलेल्या थराच्या आतल्या बाजूला तीच अक्षरं उलटी उमटलेली दिसतात. अशा झाडावर घाईने कुऱ्हाड चालवणाऱ्याला मी भूमापक म्हणणार नाही.

इंग्लंडमधली रीत अगदी निराळी. भूमी नोंदणीच्या नकाशात मिळकतीभोवती लाल रेघ असते, पण ती फक्त सर्वसाधारण हद्द दाखवते. १:१२५० च्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सव्वा मीटर व्यापते, हे लक्षात घ्या. नेमकी हद्द नोंदवून हवी असेल तर वेगळा अर्ज करावा लागतो. शेजाऱ्यांचं पटतं तोवर हे उत्तम चालतं.

फ्रान्समध्ये हद्द कायम करण्याचं काम नोंदणीकृत तज्ज्ञ भूमापकांसाठीच राखीव आहे. तसा १९४६ चा कायदा आहे. भूमापक दोन्ही शेजाऱ्यांना जागेवर बोलावतो, कागदपत्रं समोर ठेवतो, दोघांचं ऐकून घेतो. दोघांच्या सह्या झाल्या की ती हद्द पुढच्या मालकांनाही बांधील. इथे मोजणीइतकंच महत्त्व माणसं एकत्र बसवण्याला आहे.

जर्मनीत, बव्हेरियामध्ये, याहून जुनी परंपरा अजून जिवंत आहे. गावातली शपथ घेतलेली माणसं, पूर्वी बहुधा सात असत, हद्दीचे दगड सांभाळतात. नेमणूक तहहयात. दगड बसवताना त्याखाली भाजलेल्या मातीचे वा काचेचे तुकडे विशिष्ट पद्धतीने मांडतात. ती मांडणी फक्त त्यांनाच ठाऊक, आणि एका पिढीकडून दुसरीकडे तोंडीच जाते. रात्रीतून कुणी दगड सरकवला, तरी खालची मांडणी त्याला जुळवता येत नाही. सरकारी भूमापक आधुनिक यंत्र घेऊन येतो, तेव्हाही ही मंडळी त्याच्या सोबत असतात.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला सिंगापूर. तिथे २००४ पासून हद्द निर्देशांकांनी, म्हणजे जागेचं नेमकं स्थान सांगणाऱ्या आकड्यांनी ठरते. खुंटी उपटली गेली तरी बिघडत नाही, आकड्यांवरून ती पुन्हा रोवता येते. लहानशा, दाट वस्तीच्या देशाला हे शोभतं. पण जमीनच सरकली तर? ऑस्ट्रेलिया खंड वर्षाला सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. त्यामुळे त्या देशाने १९९४ ची निर्देशांक प्रणाली बदलून २०२० ची आणली, तेव्हा जवळजवळ १.८ मीटरचा फरक पडला. खुंट्या मातीबरोबर गेल्या होत्या, आकडे मागे राहिले होते.

न्यूझीलंडमध्ये हा प्रश्न थेट लोकांच्या अंगणात आला. २०१० आणि २०११ च्या भूकंपांनी क्राइस्टचर्च परिसरातली जमीन सरकली, कुठे ताणली गेली, कुठे आक्रसली. आता हद्द जुन्या मापाने धरायची, की घराकुंपणांसोबत गेली असं मानायचं? २०१६ च्या कायद्याने सांगितलं, जमिनीबरोबर हद्दही सरकली. दरड घसरून झालेल्या हालचालीला मात्र हा नियम लागू नाही. त्यामुळे तिथल्या भूमापकाला आधी ठरवावं लागतं, ही जमीन भूकंपाने सरकली की उतारावरून घसरली, मोजणी त्यानंतर.

नमस्कार.