दुकानात सध्या काय खपतंय? आणि ‘श्यामची आई’ घेताना एवढं बघाच

नमस्कार मंडळी!

कमेंटमध्ये सारखा एकच प्रश्न येतोय, “ताई, तुमच्या दुकानात सध्या काय खपतंय ते सांगा ना.” याद्यांचे व्हिडिओ सगळीकडे चालू आहेत, ‘वाचलीच पाहिजेत अशी दहा पुस्तकं’ वगैरे. मी यादी करणार नाही. मी नाशिकमध्ये गल्ल्यावर बसते, समोरून कोण काय घेऊन जातं ते रोज बघते, तेवढंच सांगते.

जे सगळ्यांना माहीत आहे ते आधी उरकते. सगळ्यात जास्त जातात स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून उत्तरलेखनाच्या पुस्तकांना मागणी आली. त्याच्या खालोखाल सवयी आणि पैसा या विषयांवरची अनुवादित पुस्तकं. दिवाळीच्या आधी दिवाळी अंक. जूनमध्ये शाळेचं सगळं. झालं.

आता जरा आपल्या नाशिकचं. निफाड, दिंडोरीकडून शेतकरी येतात. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधी आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी द्राक्षावरची पुस्तकं मागतात. असा माणूस पुस्तक हातात घेतल्यावर पहिल्यांदा काय बघतो माहितीये? रोगांचे रंगीत फोटो आहेत का. भुरी आणि केवडा पानावर कसा दिसतो ते फोटोत नीट कळत नसेल तर पुस्तक परत कपाटात. मला ही चोखंदळ नजर फार आवडते. पुढे ती लागणारच आहे आपल्याला.

दुसरं, सिंहस्थ. २०२७ चा कुंभमेळा जवळ आलाय, तशी गोदावरीवर, पंचवटीवर, जुन्या नाशिकवर मराठीत काय आहे असं विचारणारे वाढलेत. यात तरुण मुलं खूप आहेत, हे मला विशेष वाटतं. त्यांना स्तोत्रं नकोत, इतिहास हवाय: घाट कोणी बांधले, वाडे कोणाचे होते.

तिसरं, २७ फेब्रुवारी. मराठी भाषा गौरव दिन, तात्यासाहेबांचा म्हणजे कुसुमाग्रजांचा वाढदिवस. त्या आठवड्यात त्यांची पुस्तकं मी दर्शनी टेबलावर मांडते आणि ती जातात. शाळेतली मुलं पाठांतरासाठी ‘विशाखा’ मागतात. ‘क्रांतीचा जयजयकार’, ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ त्यातच आहेत. १९४२ चा संग्रह आहे हा, मंडळी! आठवीतली एक मुलगी काउंटरजवळच्या कोपऱ्यात उभी राहून त्यातली कविता तोंडातल्या तोंडात म्हणत होती, तिच्या आईचं बाकीचं सामान होईपर्यंत.

आणि ‘छावा’. १४ फेब्रुवारी २०२५ ला सिनेमा आला आणि शिवाजी सावंतांची कादंबरी मागायला अशी माणसं आली, जी एरवी दुकानाची पायरी चढत नाहीत. एवढं जाड पुस्तक पाहून काही जण थबकले, पण बरेच जण घेऊन गेले. त्यातले काही ‘मृत्युंजय’साठी परत आले. सिनेमामुळे वाचतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी माझं अजिबात पटत नाही. वाचक कुठल्याही दाराने येऊ दे.

याच व्हिडिओखाली मला माहितीये काय कमेंट येणार. “पीडीएफ आहे का?” दर वेळी येते. तर नीट ऐका. आपल्याकडे लेखक गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क वारसांकडे किंवा त्यांनी दिलेल्या प्रकाशकाकडे राहतात. सावंत २००२ मध्ये गेले. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०५९ संपेपर्यंत आहेत. त्यांची पीडीएफ ग्रुपवर फिरवणं ही चोरी आहे. मी देणार नाही, कृपया मागू नका. पण साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले. त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०१० अखेर संपले. ‘श्यामची आई’ कोणीही छापू शकतं, कोणीही मोफत देऊ शकतं, आणि ते कायदेशीर आहे.

इथेच माझा आजचा खरा मुद्दा सुरू होतो. कारण दुकानात वर्षभर, बाराही महिने, सुट्टी असो परीक्षा असो, न थांबता जाणारं पुस्तक कुठलं म्हणाल तर ‘श्यामची आई’. बक्षीस म्हणून जातं, मुंजीत जातं, वाढदिवसाला जातं, परदेशातल्या नातवंडांसाठी बॅगेत जातं. आणि हे आपल्या गावात लिहिलेलं पुस्तक आहे! नाशिकच्या तुरुंगात, ९ फेब्रुवारी १९३३ ला गुरुजींनी लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपवलं. सत्याग्रहात शिक्षा भोगत असलेला माणूस, आणि लिहितोय आपल्या आईबद्दल. गिऱ्हाईकाला हे सांगितलं की तो पुस्तक पुन्हा उघडून बघतो.

पण हक्क मोकळे झाल्यामुळे बाजारात या एका पुस्तकाच्या किती तरी आवृत्त्या आहेत. काही पूर्ण आहेत. काही संक्षिप्त आहेत. आणि काही संक्षिप्त असून तसं वर कुठेही लिहिलेलं नाही. माझा राग या तिसऱ्या प्रकारावर आहे.

हे बघा.

[दोन प्रती कॅमेऱ्यासमोर धरते]

दोन्हींवर ‘श्यामची आई’. दोन्हींवर ‘साने गुरुजी’. ही गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. ही साध्या पिवळट कागदाची. आता दोन्हींत ‘श्यामचे पोहणे’ काढते. पोहायला जायचं नाही म्हणून श्याम माळ्यावर लपून बसतो. आई शिंपटी, म्हणजे बारीक छडी, घेऊन त्याला बाहेर काढते आणि विहिरीवर पिटाळते. इथपर्यंत दोन्हींत आहे. मग तो पोहून घरी येतो, रुसलेला असतो, आणि ती त्याच्याजवळ येते. तिच्या डोळ्यांत पाणी असतं. माझ्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये म्हणून मी मारलं, हे ती त्याला समजावते. साध्या प्रतीत हे सगळं आहे. या रंगीत प्रतीत काय आहे? आईने मारलं, श्याम पोहायला शिकला. संपलं! अहो, मग राहिलं काय? मारकुटी आई राहिली. ज्यासाठी गुरुजींनी हे पुस्तक लिहिलं, तेच कापलंय.

एका काकांनी कमेंट केली होती, “नातवाला घेऊन दिलं, त्याला आवडलं नाही. आजकालच्या मुलांना संस्कारच नकोत.” मी त्यांना म्हटलं, मुखपृष्ठाचा आणि अनुक्रमणिकेचा फोटो पाठवा. पाठवला. निम्म्याहून कमी प्रकरणं होती, आणि प्रत्येकाखाली चौकटीत ‘तात्पर्य’. काका, नातवाचं काही चुकलं नाही. त्याने ‘श्यामची आई’ वाचलेलीच नाही. त्याला उपदेश वाचायला मिळाला आणि तो कंटाळला. मीही कंटाळले असते.

एका शाळेच्या बाई बक्षिसांसाठी आल्या होत्या. बजेट ठरलेलं, मुलं जास्त. दुसरीकडून फार स्वस्त दर मिळालाय म्हणाल्या, नमुना सोबत आणला होता. मी तो उघडला आणि त्यांना ‘प्रारंभ’ शोधायला सांगितला. पुस्तक सुरू कसं होतं? आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर श्याम मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. म्हणून प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ म्हटलंय. त्या नमुन्यात ना प्रारंभ, ना रात्री, ना मित्र. बाई मराठी शिकवतात. त्यांनी मिटलं पुस्तक आणि म्हणाल्या, “मला पूर्ण दाखवा, साध्या कागदाची चालेल.” तेवढ्याच पैशांत बसली. स्वस्त प्रतीविरुद्ध माझं काही नाही, हे स्पष्ट सांगते. साध्या कागदावरची पूर्ण प्रत ही उत्तम खरेदी आहे. महागडी, चकचकीत आणि कापलेली प्रत ही वाईट खरेदी आहे. किमतीवरून काहीच ठरत नाही.

मग ठरवायचं कशावरून? द्राक्षवाल्या शेतकऱ्यासारखं आधी उघडून बघा. अनुक्रमणिका काढा. ‘प्रारंभ’ आहे का? ‘मोरी गाय’, ‘अळणी भाजी’, ‘दूर्वांची आजी’, ‘अर्धनारी नटेश्वर’ आहेत का? शेवटाकडे ‘भस्ममय मूर्ती’ आणि ‘आईचे स्मृतिश्राद्ध’ आहे का? शेवटची ही प्रकरणं दुःखाची म्हणून काही जण गाळतात. त्यानंतर आतलं ते बारीक अक्षरातलं पान, जिथे प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती असतं. तिथे ‘संक्षिप्त’, ‘कुमार आवृत्ती’, ‘रूपांतर’, ‘सुलभ’ असा शब्द आहे का बघा. गुरुजींच्या नावाशिवाय आणखी कोणाचं ‘संपादन’ म्हणून नाव असेल तर थांबा आणि पानं चाळा.

ऑनलाइन मागवणाऱ्यांची अडचण होते, कारण उघडून बघता येत नाही. तिथे नुसतं नाव टाकून पहिलं दिसेल ते घेऊ नका. प्रकाशकाचं नाव बघा, पृष्ठसंख्या बघा, आणि ९७८ ने सुरू होणारा तेरा आकडी आयएसबीएन बघा. दोन प्रकाशकांच्या प्रतींना वेगवेगळा नंबर असतो. ओळखीच्या कोणाकडे पूर्ण प्रत असेल तर तिच्या मागच्या बारकोडचा फोटो घ्या आणि तोच नंबर शोधा. आम्हाला फोनवर ऑर्डर देतानासुद्धा “श्यामची आई पाठवा” एवढंच सांगू नका, “पूर्ण प्रत पाठवा” म्हणा. कुठल्याही दुकानात म्हणा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की दुकानदार मागवताना विचारतो.

मागच्या वेळी एका ताईंनी लिहिलं होतं, “लहान मुलांना पूर्ण पुस्तक झेपत नाही हो.” ताई, तुमचं म्हणणं मला कळतं. पाच वर्षांच्या मुलासाठी चित्रांचं छोटं पुस्तक घ्या, त्यात वावगं काही नाही. फक्त ते छोटं आहे हे मुखपृष्ठावर छापलेलं असावं. पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण प्रत झेपते, रोज रात्री एकच प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलंत तर. पुस्तक बांधलेलंच तसं आहे, एका रात्रीला एक आठवण. शब्द अडले तर थांबून सांगा. शिंपटी म्हणजे काय, पत्रावळ कशाची, हे सांगताना तुमच्याच लहानपणच्या चार गोष्टी निघतील.

२६ जानेवारीच्या बक्षीस समारंभासाठी ज्या शाळांना प्रती हव्या आहेत त्यांनी निदान पंधरा दिवस आधी कळवा, पूर्ण प्रती पुण्याहून मागवाव्या लागतात. आणि तुमच्या घरात आत्ता जी प्रत आहे तिची अनुक्रमणिका काढून बघा, प्रकाशकाचं नाव आणि पूर्ण की अपुरी ते कमेंटमध्ये लिहा. मी सगळ्या वाचते.