ओट्टेनबीच्या बागेत उतरलेली तुती

नमस्कार. या हॉलच्या मागे जी खाडी आहे तिच्या काठावर मी पक्षी बघायला शिकले, त्यामुळे इथे येऊन बोलण्याचा आनंद मला फार आहे. नोकरीसाठी स्वीडनला गेल्यावर दोन वर्षं मी पक्ष्यांकडे वळूनही पाहिलं नव्हतं. तिसऱ्या वसंतात सहा आठवडे रजा काढली आणि ओट्टेनबीच्या पक्षीकेंद्रावर स्वयंसेवक म्हणून राहिले. आज त्याबद्दल आणि तिथे मला भेटलेल्या तुती नावाच्या पक्ष्याबद्दल सांगते.

बाल्टिक समुद्रात ओलांद नावाचं लांबट, चिंचोळं बेट आहे. 1972 मध्ये कालमार शहरापासून बेटापर्यंत सहा किलोमीटरचा पूल झाला. त्या बेटाचं अगदी दक्षिण टोक म्हणजे ओट्टेनबी. तिथे लोंगे यान, म्हणजे ‘उंच यान’ (यान हे तिकडचं माणसाचं नाव), हे दीपगृह आहे. ते 1785 मध्ये बांधलं आणि चाळीस मीटरहून उंच आहे. त्याच्या पायथ्याशी जुनी बाग आहे, आणि पक्षीकेंद्राचा जीव या बागेत आहे. कारण टोकावर बाकी सगळी उघडी कुरणं. रात्रभर समुद्रावरून उडून दमलेल्या एवढ्याशा पक्ष्याला पहाटे जमीन दिसते, आणि त्या जमिनीवर लपायला झुडपं असतात ती जवळपास फक्त या बागेत. म्हणून पक्षी पकडायची जाळी तिथे लावायची. 1946 पासून तिथे हे काम चालू आहे.

काम कसं चालतं? सूर्य उगवण्याआधी जाळी उघडायची. काळ्या धाग्याची, केसासारखी बारीक. झुडपांपुढे अंधारात ती दिसतच नाहीत. ठरलेल्या वेळाने फेरी मारायची. पक्षी जाळीच्या झोळात पडलेला असतो. तो कुठल्या बाजूने आत शिरला हे आधी ओळखायचं, मग पाय, मग पंख, शेवटी डोकं सोडवायचं. घाई केली की धागा पंखाखाली आणखी रुततो. सोडवून झाला की कापडी पिशवीत घालायचा; अंधारात तो शांत होतो. खोलीत आणून डाव्या हातात धरायचा, पाठ तळहातावर, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये. पायात नंबर कोरलेलं अ‍ॅल्युमिनियमचं कडं घालायचं. मोजपट्टीवर पंख मापायचा, वजन करायचं आणि पोटावर फुंकर घालायची.

या फुंकरीबद्दल जरा सांगते. पिसं बाजूला होतात आणि खालची कातडी दिसते, जवळजवळ पारदर्शक. गळ्याखालच्या खळगीत पिवळसर चरबी साठलेली असते. ती प्रवासाची शिदोरी. कुणाच्या खळगीत ती फुगून आलेली असते, तर कुणाच्या खळगीत काहीच नसतं, नुसता लालसर स्नायू. मी धरलेला पहिला विलो वार्बलर असाच होता. आफ्रिकेत, सहारा वाळवंटाच्याही पलीकडे हिवाळा काढून आलेला, वजन जेमतेम नऊ ग्रॅम. त्याचं काळीज माझ्या बोटांवर इतक्या वेगाने धडधडत होतं की ठोके वेगळे मोजताच येईनात. हातातून सोडताना माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही.

आता माझी चूक. कडी क्रमाने येतात, त्यामुळे नवं कडं घालताना नंबर लिहायला चुकलं तर वहीत लगेच कळतं. पण आधीच कडं असलेला पक्षी पुन्हा सापडतो तेव्हा त्याच्या नंबराला मागचा-पुढचा आधार नसतो. त्यावर कोरलेलं असतं तेवढंच खरं. एप्रिलमध्ये धुक्याची एक सकाळ आली. आकाशातून रॉबिन नुसते ओतले होते, पिशव्या कमी पडत होत्या. एका रॉबिनच्या पायात जुनं कडं होतं. मी नंबर वाचला, लिहिला, त्याला सोडून दिलं. संध्याकाळी संगणकात घातलं तर तो नंबर भलत्याच जातीच्या पक्ष्याचा निघाला. मी 3 चा 8 वाचला होता, किंवा 8 चा 3. कोणता अंक चुकला हे शोधायला पक्षी कुठे होता? नोंद खोडावी लागली. तो कुठून आला, किती वर्षांचा होता, हे सगळं त्या पायावर लिहिलेलं होतं आणि ते माझ्यामुळे गेलं. केंद्रावर कुणी एक शब्द बोललं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नंबर दोनदा मोठ्याने वाचू लागले, एकदा कडं या बाजूने फिरवून आणि एकदा त्या बाजूने.

एका नंबरासाठी एवढं का, असं विचाराल. 1899 मध्ये डेन्मार्कच्या व्हिबोर्ग गावी मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने 165 मैनावर्गीय पक्ष्यांच्या, स्टार्लिंगांच्या, पायांत नंबर घातलेली कडी घातली. तेव्हापासून पक्षी हा ‘एक रॉबिन’ न राहता ‘हाच रॉबिन’ झाला. ओट्टेनबीच्या 1952 पासूनच्या वसंतातल्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा अनेक जाती पूर्वीपेक्षा लवकर परतू लागल्याचं दिसलं. हे कळतं ते पन्नास वर्षं कुणीतरी पहाटे उठून त्याच बागेत जाळी उघडली म्हणून. आपल्याकडेही 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात क्यासनूर ज्वराची, म्हणजे माकडतापाची, साथ आली. स्थलांतरित पक्ष्यांबरोबर रोग आला असेल का, या शंकेतून 1959 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालीम अलींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा प्रकल्प उभा केला. ओट्टेनबीतही रानबदकांमधल्या बर्ड फ्लूचा अभ्यास बदकं पिंजऱ्यात पकडून आणि त्यांना अशीच कडी घालून चालतो.

आता ज्यासाठी मी आले ते सांगते. मे संपत आला होता. त्या दिवसांत येणारे पक्षी सगळ्यात उशिराचे. सकाळी साडेसहाच्या फेरीत एक पिशवी माझ्या हातात आली. उघडली तर आत नर रोझफिंच. डोकं आणि छाती पिकल्या रातांब्यासारखी लाल. हिंदीत हिला तुती म्हणतात. आपल्या सह्याद्रीत हिवाळ्यात हिचे थवे येतात, तुमच्यापैकी काहींनी पाहिलेही असतील. युरोपातले लांबचा प्रवास करणारे बहुतेक छोटे पक्षी हिवाळ्यात दक्षिणेला, आफ्रिकेकडे जातात. रोझफिंच मात्र पूर्वेला वळतात आणि आपल्या उपखंडात येतात, पाच हजार किलोमीटरहून जास्त. सूर्य कधी उगवला, कधी मावळला एवढंच टिपणारी ग्रॅमभराहून हलकी यंत्रं पाठीवर बांधून हा मार्ग तपासला गेला आहे.

मी पंख मोजपट्टीवर ठेवला आणि थांबले. कारण या पक्ष्याची पिसं झडून नवी येतात ती घरट्याच्या देशात नाही, हिवाळी मुक्कामाच्या प्रदेशात. म्हणजे मी जे पीस मापत होते ते आपल्याकडच्या दाण्यांवर, आपल्याकडच्या उन्हात वाढलेलं होतं. नवी पिसं येतात तेव्हा त्यांच्या कडा फिकट, करड्या असतात. त्या झिजत जातात तसा आतला लाल उघडा पडतो. ओट्टेनबीच्या सकाळी तो इतका लाल दिसत होता, कारण वाटेने त्या कडा घासून गेल्या होत्या.

शेजारच्या मुलीने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, हा माझ्या गावाकडून आलाय. तिने वही बाजूला ठेवली आणि मला पक्षी पुन्हा नीट दाखव म्हणाली. वजन तेवीस ग्रॅम. कड्याचा नंबर मी दोनदा वाचला, तिने दोनदा लिहून तपासला. मग खिडकीची झडप उघडून मी मूठ सैल केली. तो क्षणभर बोटावरच बसला, मग समोरच्या झुडपात शिरला, आणि थोड्या वेळाने शेंड्यावर येऊन गाऊ लागला. चारपाच स्वरांची छोटी, वर जाणारी शीळ. सह्याद्रीत हिवाळ्यात तो असा गाताना मी कधी ऐकला नव्हता. खाली पुढच्या फेरीची घंटा झाली, तरी मी तिथेच उभी होते.